कागद वाळवणारा माणूस

गावभाग, सांगली

प्रिय सुन्या,

तू डोकं खाल्लंस म्हणून परवा रात्री १९९१ चा 'केप फिअर' सिनेमा लावला आणि अर्ध्यात बंद केला. घाबरून नव्हे, लेका. म्हणजे घाबरूनच, पण तुला वाटतं तसं नव्हे.

डी नीरोचा तो कैदी तुरुंगात लिहा-वाचायला शिकतो, कायदा घोकतो आणि १४ वर्षांनी सुटून आपल्या वकिलाच्या मागं लागतो. तिथवर ठीक होतं. पण तो कायद्याची रेघ न ओलांडता त्या घराभोवती घिरट्या घालायला लागला आणि मला आमचा 'भाऊ' आठवला. तुला हे पुरतं कधी सांगितलंच नाही.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णामाई ५७ च्या वर. आजीला पाठुंगळी घेऊन त्यानंच नावेत बसवलं. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला आला, चहा प्याला, जेवला, राहिला. नाव विचारलं तर "भाऊ म्हणा." त्या दिवसांत कोण कोणाकडं आधारकार्ड मागतंय?

कपाटातल्या कागदांचा लगदा झाला होता. खरेदीखत, सातबारा, ठेवींच्या पावत्या, माझ्या गुणपत्रिका. हा गडी एकेक पान सोडवायचा, रद्दीत दाबायचा, गच्चीवर वाळवायचा, मग सुती फडकं टाकून कोमट इस्त्री फिरवायचा. आई म्हणायची, पोटच्या पोरांना जमलं नसतं. खरंच नसतं जमलं. फक्त इस्त्री फिरवताना त्याचे ओठ हलायचे. तो वाचत होता.

दिवाळीपर्यंत तो आबांच्या खुर्चीत बसायला लागला. काकांशी जमिनीवरून झालेला वाद त्याला तारखेसकट पाठ. मग "ठेवी मोडा, मी बघतो पुढचं" सुरू झालं. एका रात्री आबांनी जा म्हणून सांगितलं. तो चिडला नाही. ताटातली भाकरी संपवली, हात धुतले, टॉवेलची घडी घातली आणि म्हणाला, "धाकटीचा क्लास सातला सुटतो. देवळामागनं एकटीच येते न्हवं?"

एवढंच. आता पोलिसांत जाऊन सांगायचं काय? याला क्लासची वेळ माहीत आहे म्हणून? पुढचे अकरा दिवस मी आणि आबा आळीपाळीनं तिला आणायला गेलो. परत यावं तर हा चहा टाकून बसलेला.

बाराव्या दिवशी अंथरुणाची घडी होती, माणूस नव्हता. पैसे, दागिने जागच्या जागी. फाइल उघडली, एक कागद कमी नाही. उलट एक जास्त. त्यावर आबांची सही, चाळीसेक वेळा. वरच्या ओळी कच्च्या होत्या. खालच्या पाच-सहा सह्या आबा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "ह्या माझ्याच आहेत," म्हणाले.

त्याच दिवशी बँकेत जाऊन त्यांनी सही बदलली. अजून पेन टेकवण्याआधी जरा थांबतात.

त्या कैद्याला निदान कारण तरी होतं, वकिलानं त्याच्या बाजूचा अहवाल दडपला होता. आम्ही ह्याचं काय केलं होतं?

सिनेमाचा शेवट सांगू नकोस. फक्त त्या वकिलाची पोरगी वाचते का, तेवढं कळव. मग उरलेला बघतो.

तुझा,
बंड्या