गाठीचा तुकडा सलाईनमध्ये नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटकडून नागपूरला तपासणीसाठी येणारे स्तनाच्या गाठीचे काही नमुने वाटेतच खराब होतात. सलाईनमध्ये ठेवलेला तुकडा कुजतो. गाठ काढल्यावर तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) गेली पाहिजे. फॉर्मॅलिन नमुन्याच्या किमान दहापट हवे आणि डबा रुंद तोंडाचा. चिंचोळ्या बाटलीत कोंबलेली गाठ एकदा कडक झाली की निघत नाही, बाटली फोडावी लागते! फॉर्मॅलिन तासाला जेमतेम १ मिलिमीटर आत शिरते. त्यामुळे मोठी गाठ अख्खी बुडवली तर मधला भाग सडतोच. पॅथॉलॉजिस्टला विचारून तिला छेद द्यावा. गाठ फॉर्मॅलिनमध्ये ६ तासांपेक्षा कमी किंवा ७२ तासांपेक्षा जास्त मुरली, तर ईआर, पीआर, हर-२ (स्तनाच्या कर्करोगावर कोणते औषध चालेल हे सांगणाऱ्या तपासण्या) यांचे निकाल भरवशाचे राहत नाहीत. ईआर चुकून निगेटिव्ह आला, तर त्या बाईला हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या मिळतच नाहीत. केवढा अन्याय हा!

नातेवाइकांनी डब्यावर नाव, डावी-उजवी बाजू आणि गाठ काढल्याची वेळ लिहून घ्यावी. रिपोर्टसोबत मेणाचा ब्लॉकही (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) मागावा. पुढच्या रुग्णालयात नुसत्या स्लाइड पुरत नाहीत.

– पॅथॉलॉजी तंत्रज्ञ, नागपूर