माथेरानची गाडी मांडलेलीच राहू द्या

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दिवाळीत आम्ही सगळे येणार म्हणून मागच्या खोलीतले नेरळ-माथेरान रेल्वेचे मॉडेल काढून ठेवण्याचा तुमचा विचार असल्याचे आईकडून कळले. कृपा करून ते हलवू नका. आमची सोय बाहेरच्या खोलीत सहज होईल. पण थर्माकोलचा तो डोंगर एकदा जागचा उचलला, की त्यावरच्या प्लास्टरला तडे जातील, रुळांचे सांधे सरकतील आणि खालची सारी वायर पुन्हा डाग देऊन जोडत बसावी लागेल.

निवृत्तीनंतर तुम्ही हे काम हाती घेतलेत, तेव्हापासून त्यातला नेमकेपणा मी पाहत आले आहे. हा 21 किलोमीटरचा मार्ग 1:87 या प्रमाणात पूर्ण मांडायचा तर रूळच सुमारे 240 मीटर लागतील, हे हिशेबाने ताडून तुम्ही फक्त जुम्मापट्टी स्थानक आणि त्यापुढचे वळण निवडलेत, हा निर्णय मला फार आवडला. मूळ मार्गावरचा विसास एक हा चढही तुम्ही कमी केला नाहीत. त्यामुळे दोन मीटरच्या टेबलावर गाडी दहा सेंटिमीटर वर जाते, आणि चाके जागीच फिरू नयेत म्हणून इंजिनाच्या पोटात तुम्ही शिसे भरलेत. दोन फुटी रूळ या प्रमाणात सात मिलिमीटरचे हवेत आणि मिळतात ते नऊचे, याची तुम्हाला रुखरुख आहे. माझे मत विचाराल तर गाडी चढावर एका लयीत जाते, हे त्या दोन मिलिमीटरांहून मोलाचे आहे.

आई, तुझ्या माणसांबद्दल तर किती लिहू! तांब्याच्या तारेवर दोरा गुंडाळून केलेली, दोन सेंटिमीटरही न भरणारी ती करवंदेवाली मला सर्वांत प्रिय आहे. तिच्या टोपलीत मोहरी ठेवायची तुझी कल्पना होती, पण या प्रमाणात मोहरीचा दाणा नारळाएवढा होतो, हे बाबांनी दाखवल्यावर तू सुईच्या टोकाने काळ्या रंगाचे ठिपके देऊन करवंदे केलीस आणि मोहरी हिरवी रंगवून शेजारच्या शहाळेवाल्याला दिलीस. तुम्ही दोघे एकाच टेबलावर असा तासन्‌तास वाद घालत काम करता, याचा मला इथे दूर बसून मोठा आधार वाटतो.

कोथरूडला भाऊ जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे. तिथे सगळे कायमचे मांडलेले असल्यामुळेच ते चालते राहिले, असे मला वाटते. आपल्याकडे जागेची अडचण खरी आहे. म्हणून पुढचा भाग वेगळ्या टेबलावर करून तो नट-बोल्टने जोडावा, म्हणजे गरज पडल्यास तेवढाच सोडवता येईल. धुळीसाठी जुने धोतर पुरेल. डाग देताना मात्र खिडकी उघडी ठेवा आणि भिंगाचा दिवा लावल्याशिवाय बसू नका. तो मी येताना आणते आहे.

पावसाळ्यात बंद असलेली नेरळ-अमन लॉज गाडी तोवर सुरू झाली असेल, तर आपण सगळेच जुम्मापट्टीला जाऊ. फलाटाची लांबी तुम्ही फोटोवरून अंदाजाने धरली आहे, ती प्रत्यक्ष मोजून घेता येईल.

तुमची,
धाकटी