हिशेब विचारणे हेही कर्तव्यच

महोदय,

कॅथलिक श्रद्धावंतांच्या कर्तव्यांवरील आपल्या अंकातला लेख वाचला. रविवारची मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना), वर्षातून एकदा पापनिवेदन (हे बंधन खरे तर गंभीर पापांपुरतेच आहे), शुक्रवारचा मांसत्याग आणि चर्चला दान. यादी चूक नाही, पण त्यातून नेमके अडचणीचे तेवढे निसटले आहे.

सध्याची कॅनन कायद्याची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याची, संहिता पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ जानेवारी १९८३ रोजी जारी केली. तिच्या १७५२ कलमांपैकी २०८ ते २२३ ही कलमे सर्व श्रद्धावंतांची कर्तव्ये आणि हक्क सांगतात. सर्व म्हणजे बिशपांपासून मागच्या बाकावरच्या आजीपर्यंत. त्यातले २१२वे कलम धर्मगुरूंची आज्ञा पाळायला सांगते, हे सगळ्यांना पाठ असते. पण त्याच कलमाचा तिसरा परिच्छेद म्हणतो की, आपापले ज्ञान आणि अधिकार ध्यानात घेऊन ख्रिस्तसभेच्या (म्हणजे चर्चच्या) हिताविषयीचे मत धर्मगुरूंना आणि इतर श्रद्धावंतांना सांगणे हा हक्क आहे, आणि कधी कधी ते कर्तव्यही ठरते. अट एवढीच की श्रद्धेला आणि नीतीला धक्का लागू नये, धर्मगुरूंचा आदर राखावा आणि सर्वांचे हित व माणसांची प्रतिष्ठा जपावी.

आमच्या धर्मग्रामाच्या (एका चर्चशी जोडलेल्या स्थानिक समुदायाच्या) सभेत एका निवृत्त हिशेबनिसांनी छताच्या दुरुस्तीसाठी जमलेल्या पैशांचा हिशेब विचारला. अगदी शांतपणे, हातातल्या कागदावरचे आकडे वाचत. फादर उत्तर देणार तोच मागून आवाज आला, ‘‘फादरांना हिशेब विचारता? तुम्ही प्रार्थना करा!’’ चारपाच जण हसले. गृहस्थांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. फादरांचे उत्तर राहूनच गेले. म्हणजे त्या गृहस्थांना गप्प बसवले ते आम्हीच, धर्मगुरूंनी नव्हे.

संहितेचे १२८७वे कलम तर सरळ सांगते की, श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब कारभाऱ्यांनी त्यांना द्यावा; कसा, ते स्थानिक नियमांनी ठरते. प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असणेही ५३७व्या कलमानुसार सक्तीचे आहे. आणि दानाबद्दल बोलायचे तर २२२वे कलम चर्चच्या गरजांपाशी थांबत नाही. सामाजिक न्यायासाठी झटावे आणि स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना मदत करावी, हेही तिथेच आहे.

लेखकांनी पुढच्या लेखात निदान २१२वे कलम तिन्ही परिच्छेदांसह छापावे, ही विनंती.

आपला,
एक श्रद्धावंत वाचक