भट्टीवर सावली धरणाऱ्या मावशींना

मावशी,

मे महिन्यातल्या त्या रविवारी भर दुपारी सांगली जिल्ह्यातल्या विटा-तासगाव रस्त्याकडेच्या तुमच्या पालांपाशी मोडकी सुरी घेऊन एक बाई गाडीतून उतरली होती. ती मी. तुम्ही माझं नाव विचारलं नाहीत, मलाही तुमचं विचारायचं सुचलं नाही. आठ दिवसांनी परत आले तेव्हा तिथे नुसती राख आणि काळे पडलेले दगड होते. दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो म्हणून तुम्ही नातवावर ओरडत होता, तेवढ्याच आशेवर हे असं उघड लिहिते आहे. त्याच्या हाती पडलं तर तो तुम्हाला वाचून दाखवेल.

त्या दिवशी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. ती सुरी ज्या पोलादी पाट्याची होती, तो माझ्या वडिलांच्या, दादांच्या जीपचा होता. दादांनी याच रस्त्यावर कित्येक वर्षं वडाप चालवलं, म्हणजे जीपमध्ये प्रवासी भरून ने-आण केली. ते गेले, जीप भंगारात गेली. भंगारवाल्याकडून मी कमानीचा, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगचा, एकच पाटा परत मागून आणला. दोन इंच रुंद, सहा-सात मिलिमीटर जाड, दोन्ही टोकांना गंजलेला. आईचे गुडघे आता विळीवर बसू देत नाहीत. तिला ओट्याशी उभं राहून भाजी चिरायला एक सुरी करून द्यायची, आणि ती दादांच्या गाडीच्या पोलादाची, एवढंच डोक्यात होतं. पाट्याचे पाच तुकडे झाले. तुमच्याकडे आले तेव्हा त्यातले चार वाया गेले होते.

पहिला कडक करायला लाल तापवून पाण्यात घातल्याबरोबर ‘टिच्’ असा आवाज आला आणि पात्याला टोकापासून मध्यापर्यंत चीर गेली. तो आवाज अजून झोपेत ऐकू येतो. दुसरा तेलात विझवला. तो टिकला, पण सुक्या बांबूवर दहा घाव मारले तर धारेचे कपचे उडाले. मग मी माणसांकडे गेले.

पोलाद भट्टीत तापवून कडक करून देणाऱ्या एका उष्णता प्रक्रियेच्या कारखान्यात तिसरा तुकडा दिला. तिथल्या माणसानं तो हातात घेऊन फिरवला, हसला आणि दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर भट्टीत ढकलून दिला. परत मिळाला तो वाकडा, वर जाड खपली धरलेला. पैसे पूर्ण घेतले. “मॅडम, भंगाराचं भंगारच होणार,” म्हणाला. हे वाक्य मी आईला कधी सांगितलं नाही. सुऱ्या घडवायला शिकवणाऱ्या एका गृहस्थांकडे फी भरून दोन दिवस बसले. त्यांनी सुरी न बघताच सांगितलं की पोलाद खराब आहे, माझ्याकडून नवीन पट्टी घ्या. आणि जाता जाता म्हणाले, घण-ऐरणीचं काम बायकांना झेपत नाही.

मावशी, मी तुमच्यापाशी का थांबले माहीत आहे? रस्त्यावरून जाताना दिसलं, की सांडशीत फाळ धरून पुरुष खाली बसलाय आणि घण तुमच्या हातात आहे. डोक्यावरचा पदर मागे खोचून तुम्ही घाव घालत होता, एकामागून एक, एका तालात. लहानपणापासून घिसाड्यांच्या, गावोगाव फिरणाऱ्या लोहारांच्या, पालांवर हेच बघत आले होते, घण नेहमी बाईच मारते. ते गृहस्थ बोलले तेव्हा हे मला आठवायला हवं होतं.

चौथी सुरी हातातून फरशीवर पडली आणि काचेसारखी दोन तुकडे झाली. तीच घेऊन मी आले होते. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही हातानं थांबवलंत. मोडलेली कड उन्हाकडे केलीत, तिच्यावरून अंगठा फिरवलात आणि मला दाखवलीत. आत खडीसाखर फोडल्यासारखे चमचमणारे जाड दाणे. “उन्हात तापवतीस व्हय?” एवढंच विचारलंत.

माझ्या अंगावर काटा आला. मी नोकरी करते, मला मिळते ती रविवारची दुपार. गोठ्यापुढच्या उघड्या अंगणात भट्टी मांडलेली. लोखंड साधारण 770 अंशांना लोहचुंबकाला चिकटेनासं होतं, हे मला पाठ होतं. चुंबक सुटला की त्याच्या थोडं वर न्यायचं आणि विझवायचं. पण ते ‘थोडं वर’ डोळ्यानं ओळखायचं असतं, आणि मेच्या उन्हात लालभडक पोलादही मळकट दिसतं. अजून तापलं नाही, अजून तापलं नाही, असं म्हणत मी दरवेळी त्याला जाळत होते. जास्त तापलं की आतले दाणे वाढतात आणि पातं ठिसूळ होतं. चांगल्या पोलादाची मोड राखेसारखी बारीक, करडी असते. पोलादात खोट नव्हती, मावशी. दादांच्या गाडीत खोट नव्हती. दोन जाणत्या माणसांनी जे डोळे उघडून पाहिलं नाही, ते तुम्ही अंगठ्यानं सांगितलंत.

पाणी द्यायची, म्हणजे तापलेली धार पाण्यात विझवून कडक करायची, कामं दिवस वर यायच्या आत उरकतो, उद्या पहाटे ये, असं तुम्ही म्हणालात. मग लगेच गप्प झालात. तुमच्या मालकांनी तुमच्या बोलीत काहीतरी म्हटलं, ते मला कळलं नाही. नंतर नातवाकडून कळलं की गावातून कुणीतरी येऊन संध्याकाळपर्यंत पालं उठवायला सांगून गेलं होतं. जे लोक पेरणीच्या तोंडावर खुरपी, कुळवाच्या फासा, कुऱ्हाडी घेऊन तुमच्यापुढं रांग लावतात, त्याच गावातून. मी त्या भागातली आहे. त्याची मला लाज वाटते.

तुमच्यापुढं लोकांची कामं पडली होती. बिऱ्हाड आवरायचं होतं. बाभळीची सकाळची सावली भट्टीवरून कधीच सरकली होती. मी “राहू दे, मावशी” म्हणून वळले आणि तुम्ही मागून हाक मारलीत. “पाचवा तुकडा हाय न्हवं गाडीत? आण.”

मग तुम्ही दोन पोती एकावर एक धरलीत, उन्हाच्या बाजूला उभ्या राहिलात आणि हात वर करून ती पोती भट्टीवर पसरलीत.

मला एवढंच लिहायचं होतं. बाकी सगळं या एका गोष्टीच्या मागं-पुढं आहे. सकाळपासून घण मारलेले हात होते ते. माझा तुकडा तीनदा तापवून तीनदा हवेत निवेपर्यंत, आणि मग शेवटचा ताव येईपर्यंत, ते हात खाली आले नाहीत. मध्येच ते थरथरत होते, पोत्याची कड हलत होती. मी म्हटलं, बसा थोडं. तुम्ही म्हणालात, “माझ्याकडं नगं, लोखंडाकडं बघ.”

त्या पोत्याच्या सावलीत पोलादाचा खरा रंग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तुम्ही मागून सांगत होता. डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसतोय तोवर थांब. पिकल्या तोंडल्यासारखा झाला की काढ. पळसाच्या फुलावर गेला तर गेला. अंशांच्या तक्त्यात मी हे शोधत बसले होते. पाणीही सगळ्या पात्याला नाही, नुसतं धारेपुरतं. पाठीत राहिलेली धग हळूहळू धारेकडे उतरू दिलीत, विटेच्या तुकड्यानं घासून उजळलेल्या पट्टीवर आधी गवताच्या काडीचा पिवळा आला, मग कांद्याच्या सालीचा रंग. “आता,” म्हणालात. मी सुरी अख्खी पाण्यात सोडली आणि डोळे मिटून त्या ‘टिच्’ची वाट पाहिली. तो आवाज आला नाही.

धार तुमच्याच दगडावर लावली. तुम्ही सुरी माझ्या हातातून घेऊन सुक्या बाभळीच्या ओंडक्यावर सणसणीत घाव घातलेत, मोजले नाहीत, पण वीस तरी असतील. मग धार अंगठ्याच्या नखावरून अलगद सरकवलीत, कुठं अडकते का बघायला. कुठंच अडकली नाही. तुमच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. भाकरीच्या फडक्यातला कांदा काढलात, त्याच सुरीनं चिरलात आणि अर्धा माझ्या हातावर ठेवलात. पैसे विचारले तर खुरप्याला पाणी द्यायला जेवढे घेता तेवढेच घेतलेत, तीस रुपये. मी जास्त द्यायला गेले तर नोट परत माझ्या मुठीत कोंबलीत.

घरी येऊन मी माझ्या पद्धतीनंही पाहिलं. पितळेच्या दांडीवर धार दाबून ओढली की ती किंचित वाकते आणि पुन्हा सरळ होते. कपचा उडाला तर पातं फार कडक, वाकून तशीच राहिली तर मऊ. तुमच्या हाताखालची सुरी वाकली आणि सरळ झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन आईच्या हातात दिली. तिनं पात्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ह्यांची गाडी.”

ज्यांच्याकडे छप्पर आहे, यंत्रं आहेत, हातात वेळ आहे, त्यांनी मला दारातून परतवलं. ज्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायची होती, त्या माझ्यासाठी उन्हात उभ्या राहिल्या. असं माणूस भेटलं की बाकीच्यांवरचा राग धरून ठेवता येत नाही. माझा तरी राहिला नाही, पालं उठवणाऱ्यांवरचा सोडून.

माझ्या भट्टीवर आता पत्रा आहे आणि तीन बाजूंनी काळं कापड. मोडलेली चौथी सुरी शेजारी खुंटीला लावली आहे, दाणे दिसतील अशी. आमच्या गोठ्याशेजारची पडीक जागा आमच्या मालकीची आहे, तिथे नळ आहे. पुढच्या फेरीला पालं तिथे टाका, कुणी उठवणार नाही. आई रोज विचारते, त्या मावशी कधी यायच्या. तुमच्यासाठी भाकरी तिलाच थापायची आहे, आणि कांदा म्हणते मी याच सुरीनं चिरीन.