आवाज गेला म्हणून लगेच स्पीकर बदलू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकणे हा अनेकांना परवडणारा मार्ग ठरला. मात्र त्यानंतर लॅपटॉपचा आवाज बंद झाला, तर दुरुस्तीच्या दुकानात बहुधा ‘स्पीकर गेला’ एवढेच निदान होते. आमच्या शेजाऱ्यांनी या निदानावर विसंबून दोन्ही स्पीकर बदलून घेतले. पैसे गेले, आवाज काही आला नाही.

वास्तविक त्यांच्या हेडफोनमध्ये आवाज व्यवस्थित येत होता, म्हणजे साउंड कार्ड (आवाज हाताळणारा भाग) लिनक्सकडून ओळखले गेले होते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘अल्सामिक्सर’ हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम उघडून एफ-६ कळीने खरे कार्ड निवडल्यावर ‘स्पीकर’च्या पट्टीखाली ‘एमएम’ ही अक्षरे दिसली, म्हणजेच ती पट्टी म्यूट होती. एम कळ दाबताच तिथे दोन शून्ये आली आणि नव्या स्पीकरांना कंठ फुटला. त्याच पडद्यावर उजवीकडे बहुतेक वेळा ‘ऑटो-म्यूट मोड’ असतो; तो चालू असेल, तर हेडफोन लावताच स्पीकर आपोआप बंद होतो. हेडफोनच्या जॅकमधील संपर्कपट्टी मळाने अडकली, तर पिन काढल्यावरही ती लावलेलीच आहे असे यंत्रणा समजते आणि स्पीकर गप्प राहतो. आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे टीव्ही किंवा बाहेरचा मॉनिटर जोडण्याच्या मार्गाकडे, वळवलेला असणे हे तर नेहमीचेच.

सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ (नावापुरते, खोटे आउटपुट) दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बहुधा कार्डच सापडलेले नसते आणि इंटेलच्या अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत त्याचे कारण ‘साउंड ओपन फर्मवेअर’ या आवाजाच्या चिपला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे पॅकेज नसणे हे असते. काही नव्या मॉडेलांत स्पीकरसाठी स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर चिप असते. तिच्यासाठी नव्या कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नव्या आवृत्तीची, वाट पाहावी लागते, त्यात दुकानदाराचा दोष नाही. आतला पडदा फाटून स्पीकर खरोखर खरखरतो, तेव्हा तो बदलायलाच हवा, पण अशी खरखर विंडोजमध्येही ऐकू येते.

म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांना विनंती, की स्क्रू खोलण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू करून आवाज तपासावा. त्यासाठी हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. तरीही सुटा भाग बदललाच, तर त्याचे कारण बिलावर लिहून जुना भाग ग्राहकाला परत द्यावा.

आपला,
एक वाचक, सातारा