त्या हँडहेल्डला कपाटात घालू नका

मा. संपादक, स.न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेम्सवरचा लेख वाचला, लेख छानच होता, फोटो तर दोनदा बघितले, पण शेवटी शेवटी लेखकांनी लिहिलंय की जुने हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायची मशीन्स, ही घरच्या कन्सोलची हलकी नक्कल होती आणि आता सगळं मोबाइलवर चालतं त्यामुळे ती मशीन्स कपाटातच बरी, ते मात्र अजिबात पटलं नाही. माझ्याकडे सेगा या जपानी कंपनीचा गेम गिअर हा हँडहेल्ड आहे आणि मी आजही त्यावर मास्टर सिस्टिमचे गेम खेळतो, म्हणजे टीव्हीला जोडायचा जो कन्सोल होता त्याचे. नक्कल वगैरे काही नाही, तीच कॅसेट, जी टीव्हीसमोर बसून लावायचो तीच.

हे कसं जमतं ते लेखात यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. मास्टर सिस्टिम जपानमध्ये १९८५ ला आली (तेव्हा तिचं नाव मार्क थ्री होतं), गेम गिअर आला १९९० ला. दोघांच्या आत झेड-८० प्रोसेसर, तोही त्याच ३.५८ मेगाहर्ट्‌झचा, रॅम दोन्हीकडे ८ केबी, चित्र काढणारी चिपसुद्धा एकाच घराण्यातली. फरक म्हणजे मास्टर सिस्टिमकडे निवडायला ६४ रंग होते आणि गेम गिअरकडे ४०९६. म्हणजे सेगाने घरचा कन्सोलच आवळून हातात दिला होता, वर रंग वाढवून. त्यामुळे मास्टर गिअर कन्व्हर्टर नावाचा जो डबा मिळायचा त्याच्या आत गेम चालवणारं असं काही नाहीच, तो फक्त एका स्लॉटच्या पिना दुसऱ्या स्लॉटच्या पिनांना जोडतो आणि मशीनला सांगतो की बाबा आता मास्टर सिस्टिमसारखं वाग. बाकी सगळं काम गेम गिअर स्वतः करतो. मागे एवढा मोठा डबा आणि त्यात खोचलेली कॅसेट, हातात धरायला जड जातं हे खरं, पण मला त्या जडपणाचीसुद्धा सवय झालीये.

आता अडचण कुठे येते ते सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. मास्टर सिस्टिमचं चित्र २५६ बाय १९२ पिक्सेलचं आणि गेम गिअरचा ३.२ इंची स्क्रीन १६० बाय १४४ चा. गणित करून बघा, आडवे ८ पिक्सेल ५ जागांत बसवायचे आणि उभ्या ४ ओळी ३ मध्ये. आणि त्या गेममधली अक्षरं असायची ८ बाय ८ च्या चौकटीत, म्हणजे प्रत्येक अक्षराला रुंदीत फक्त ५ पिक्सेल उरतात, त्यातच शेजारच्या अक्षरापासूनची फटही आली. १९८७ चा फँटसी स्टार घ्या, त्यात वाचायला खूप आहे, गावातली माणसं बोलतात, दुकानातल्या याद्या, लढाईत प्रत्येकाची किती ताकद उरली ते आकडे. गेम गिअरवर ते आकडे बघताना ३ आणि ८ सारखेच दिसतात. मी मशीन जरासं तिरकं करतो, अंगठ्याने ब्राइटनेसचं चाक किंचित फिरवतो, मग ८ चं डावं पोट भरलेलं दिसतं आणि कळतं की ३ नाहीये. एकदा चुकीचं वाचलं आणि उपचार न करता लढाईत गेलो, अख्खी टोळी गमावली. पण त्याच गेममधली भुयारं, जिथे भिंती समोरून अंगावर येतात, ती त्या छोट्या स्क्रीनवर इतकी देखणी दिसतात की टीव्हीची आठवण येत नाही, कारण तिथे वाचायचं काही नसतं आणि चित्र आवळलं तरी बिघडत नाही. कुठला गेम आवळायला चालतो आणि कुठला नाही हे असं हातात घेऊनच कळतं.

काही गोष्टी मुळात जमतच नाहीत. दोघांनी खेळायचे गेम नाही, दुसरा कंट्रोलर लावायला जागाच नाही. बंदुकीचे गेम नाही, कारण ती बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीचा प्रकाश ओळखायची. उलट एक गोष्ट चांगली झाली, मास्टर सिस्टिमवर पॉजचं बटण कन्सोलवरच होतं, म्हणजे थांबायचं तर उठून जा, तोवर आपण मेलेलो. गेम गिअरवर तेच काम स्टार्ट बटण करतं, अंगठ्याखाली.

सेगाने पुढे १९९५ ला अमेरिकेत नोमॅड हा हँडहेल्ड काढला, त्यात तर कन्व्हर्टरही लागत नाही, जेनेसिसची, म्हणजे मास्टर सिस्टिमनंतरच्या सेगाच्या घरच्या कन्सोलची, कॅसेट थेट आत जाते, सहा बटणं, दुसऱ्या खेळाडूसाठी पोर्ट, टीव्हीला जोडायची सोय, सगळं. पण त्याला रीसेटचं बटण दिलं नाही. आणि जेनेसिसवरचा एक्स-मेनचा १९९३ चा जो गेम आहे त्यात एका टप्प्यावर कॉम्प्युटर रीसेट करायला सांगतात आणि खेळणाऱ्याने खरोखर कन्सोलचं रीसेट दाबायचं असतं. नोमॅडवर तुम्ही तिथपर्यंत पोचता आणि दाबायला काही नाही! गेम तिथेच संपला. एक बटण गाळलं आणि एका गेमचा रस्ता बंद. अशा गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात, त्या मशीन समोर असल्याशिवाय सुचत पण नाहीत. (एनईसी या दुसऱ्या जपानी कंपनीचा टर्बोएक्सप्रेस हा हँडहेल्डही १९९० चाच, तोही घरच्या कन्सोलचीच कार्डं चालवायचा, त्याचा लेखात उल्लेखच नाही.)

सेलचं लेखकांनी लिहिलंय ते मान्य, सहा पेन्सिल सेल लागतात आणि तीन ते पाच तासांत संपतात, निन्टेंडोचा गेम बॉय हा हँडहेल्ड चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. पण कारण पण लिहा ना, गेम गिअरचा स्क्रीन रंगीत आणि त्याच्यामागे एक छोटी ट्यूबलाइट सतत जळत असते, गेम बॉयच्या मागे उजेडच नव्हता. अंधारात खेळायचं असेल तर तेवढी वीज लागणारच होती त्या काळात.

माझा गेम गिअर मला मामेभावाकडून मिळाला, दादाच म्हणतो मी त्याला. मधली बरीच वर्षं तो डब्यात पडून होता आणि चालू केला तर आवाज नाही, चित्र इतकं पुसट की वरून वाकून बघितलं तरच सावल्या हलताना दिसायच्या. ज्याला दाखवला तो म्हणाला स्क्रीन गेला, फेकून द्या. स्क्रीन गेला नव्हता. या मशीनमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, म्हातारे झाले की गळतात, आतला द्रव बोर्डावर पसरतो आणि तांब्याच्या रेषा खातो, हा गेम गिअरचा सगळ्यात ओळखीचा आजार आहे. आत तीन बोर्ड असतात, मुख्य, आवाजाचा आणि विजेचा, तिन्हींवरचे कपॅसिटर बदलावे लागतात. ओळखीतल्या एका मुलीने, ती इलेक्ट्रॉनिक्स शिकतेय, माझ्यासमोर बसून ते काम केलं. पहिल्या कपॅसिटरला सोल्डरिंग आयर्न लावलं आणि कुजलेल्या माशासारखा वास सुटला, ती म्हणाली बघा काका, हेच गळलंय. सगळे बदलून, बोर्ड पुसून, परत स्क्रू लावून स्विच सरकवला आणि आवाज आला, तेव्हा दादाला फोन लावून तो आवाज नुसता ऐकवला. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

फँटसी स्टारच्या कॅसेटमध्ये एक छोटा बटणसेल असतो, त्यावर सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, टिकतो. दादाने लहानपणी केलेला सेव्ह त्यात अजून आहे. तो सेल कधीतरी संपणार आणि बदलायला काढला की सेव्ह पुसला जाणार, म्हणून आधी त्याची कॉपी काढून घ्यायचं साधन मी आता शोधतोय.

मोबाइलवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं ॲप, वापरणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही, मी पण वापरतो, आणि ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांना तोच रस्ता आहे. फक्त चित्र ताणून रुंद स्क्रीनभर करू नका हो, हे गेम ४:३ च्या टीव्हीसाठी काढलेत, ताणलं की गोल चेंडू अंड्यासारखा दिसतो.

विनंती एवढीच की पुरवणीत आठवणींच्या जोडीला दुरुस्तीवरही एक लेख छापा. ठेवताना सेल काढून ठेवावेत, ॲडॉप्टर लावण्याआधी त्याची अधिक-उणे बाजू बघावी, पुसट स्क्रीन म्हणजे मेलेला स्क्रीन नव्हे, एवढं जरी छापलंत तरी कुणाच्या तरी घरातलं मशीन भंगारात जायचं वाचेल. आणि लेखकांना माझा निरोप द्या, त्यांनी कधीही यावं, कन्व्हर्टर लावून, सहा नवे सेल घालून गेम गिअर त्यांच्या हातात देतो, दादाचा सेव्ह सोडून कुठलाही खेळा.

आपला,
एक नियमित वाचक