भंगार पेटण्याआधी मोजा: पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, मंगळवारी रात्री पूर्व नागपुरातल्या आमच्या वस्तीमागचं भंगार पुन्हा पेटलं. उन्हाळ्याआधी एक अधिकारी येऊन गेले होते. 'किरणोत्सार मोजणारं मीटर लावून तपासल्याशिवाय इथली काडीही जळणार नाही,' असा शब्द त्यांनी सगळ्यांसमोर दिला होता. त्यांच्या कार्यालयाचं नाव मी चारचौघांत घेत नाही. मीटर आलंच नाही, आग मात्र आली.

त्या ढिगात वायरींची गुंतवळ, जुने टायर आणि बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्याची यंत्रं होती. त्यातच एक हातभर लांब, उचलायला दोघं लागतील असा जड डबा होता. त्यावर पिवळा कागद आणि त्यावर तीन पात्यांची खूण, अर्धी खरवडलेली. ती किरणोत्साराची खूण. त्याचा फोटो मी तक्रारीला जोडला होता. डबा रिकामा असेलही. तेच तर तपासायचं होतं! आता तो डबा तिथे नाही, आणि कुठे गेला हे कोणी सांगत नाही. जाळणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणाला, 'काही नाही होत भाऊ, तांबं काढतो फक्त.' त्याच्या तोंडाला साधा रुमालही नव्हता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कोणी कधी सांगितलंच नाही.

माझ्या बायकोला दमा आहे. त्या रात्री खिडक्यांना ओल्या चादरी बांधून आम्ही बसलो. पंप दोनदा मारूनही तिचा श्वास सुरळीत होईना. शेवटी शेजाऱ्याच्या ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेलं. सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या मुगवड्यांवर काळी पूड बसली होती. बोटाने पुसली तर तेलकट लागली. त्या पुडीत काय होतं, हे आम्ही कोणाला विचारायचं?

साहेब, किरणोत्सारी द्रव्य, म्हणजे स्रोत, डब्यात बंद असतो तोवर तो मीटरने सापडतो, शिशाच्या आवरणात घालून उचलता येतो. एकदा जळाला की गोष्ट हाताबाहेर जाते. अशा स्रोतांत वापरला जाणारा सिझियम हा धातू ६७१ अंशांना उकळतो आणि पोलाद वितळायला दीड हजार अंश लागतात. म्हणजे भंगारासोबत तो पोलादाच्या भट्टीत गेला तर धुरात निघून जाणार. १९९८ मध्ये स्पेनमधल्या अल्जेसिरासजवळ नेमकं हेच झालं. भंगारातून सुटलेलं सिझियम-१३७ (त्याचा किरणोत्सारी प्रकार) भट्टीत वितळलं आणि त्याचा माग फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जर्मनीच्या हवेत लागला. कोबाल्ट-६० हा दुसरा किरणोत्सारी धातू उलट पोलादातच राहतो. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टची बटणं किरणोत्सारी निघाली, ते पोलाद भारतातून गेलेलं होतं. धुरातले अडीच मायक्रोमीटरहून बारीक कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. काही किरणोत्सारी द्रव्यांतून निघणारे जे अल्फा किरण बाहेर साध्या कागदाने अडतात, तेच आत बसलेल्या कणातून पेशींना जाळत राहतात. सिझियम-१३७ निम्मं व्हायलाच तीस वर्षं लागतात.

ब्राझीलच्या गोयानियात १९८७ साली भंगारात गेलेल्या कॅन्सर-उपचाराच्या किरणोत्सारी यंत्राने चार जणांचा जीव घेतला, २४९ लोकांना बाधा झाली आणि लाखाहून जास्त माणसं तपासावी लागली. तिथे तर आगही लागली नव्हती, नुसती त्यातली किरणोत्सारी पूड हातोहात फिरली. आपल्या दिल्लीत, मायापुरीत, २०१० मध्ये विद्यापीठाचं जुनं किरणोत्सारी यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेलं आणि एक मजूर गेला. लिलाव करणारे शिकलेले लोक होते, साहेब. जीव मात्र भंगार फोडणाऱ्याचा गेला.

आणि आमच्याकडे? २००९ च्या हवेच्या मानकांत बारा प्रदूषकं आहेत, त्यात किरणोत्सार नाही. म्हणजे चौकातला हवेच्या दर्जाचा फलक हिरवा दिसला तरी त्यावरून या बाबतीत काहीच कळत नाही. एक कार्यालय म्हणतं धूर आमचा, किरण केंद्राचे. दुसरं म्हणतं मुंबईला लिहा. पोलीस म्हणतात आग विझली, आता काय राहिलं? ज्या नागपुरात नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आहे, दगडातलं युरेनियम शोधणाऱ्या अणुखनिज संचालनालयाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, त्या शहरात एका भंगाराच्या ढिगापर्यंत एक मीटर पोचू शकत नाही? अधिवेशनाला दर हिवाळ्यात तुम्ही सगळे इथे येता. रस्ते रातोरात गुळगुळीत होतात, दुभाजक रंगतात. पूर्व नागपूरकडे कोणाची गाडी वळत नाही, कारण भांडेवाडीचा कचरा आणि त्याचा धूर आमच्या वाट्याला लिहूनच दिलाय. विदर्भाने कोळसा द्यायचा, वीज द्यायची, राख गिळायची, आणि साधी तपासणी मागितली की आवक-जावक क्रमांक घेऊन घरी जायचं.

मला भरपाई नको. मंगळवारच्या राखेचे नमुने पावसात वाहून जाण्याआधी उचला. तो डबा शोधा आणि ज्या पोरांनी तो हाताळला त्यांची तपासणी करा. नागपुरातल्या प्रत्येक मोठ्या भंगार गोदामाच्या काट्यावर किरणोत्सार मोजणारं यंत्र बसवा, आणि सरकारी लिलावातलं एकही यंत्र मोजल्याशिवाय बाहेर सोडू नका. उत्तर लेखी हवं, त्यावर तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव हवं. तोंडी शब्द आम्ही एकदा घेऊन पाहिला आहे.

आपला,
पूर्व नागपूरचा एक रहिवासी